वरळी ते खंडाळा: घाटात ऑक्टाव्हिया आरएस

मुंबईत २४५ पीएस ताकदीची गाडी घेऊन करायचं काय, असं माझ्या मामेभावाला सोसायटीतले सगळेच विचारतात. परवाच्या रविवारी पहाटे त्याने चावी माझ्या हातात दिली, तो शेजारी बसला आणि आम्ही वरळीहून निघालो. कोस्टल रोड, फ्रीवे, अटल सेतू, पळस्पे, जुन्या रस्त्याने खोपोली आणि पुढे घाट. टर्बो सेडान ओळखून घ्यायला मुंबईकराला याहून चांगला मार्ग नाही.

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५. २०२० मध्ये भारतात फक्त २०० आणल्या होत्या. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ३७० न्यूटन-मीटर टॉर्क (चाकं फिरवणारा जोर), सात गिअरचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि सगळी ताकद पुढच्या चाकांना. शून्य ते शंभर ६.६ सेकंदांत, असं कंपनी सांगते. ते पडताळायच्या भानगडीत पडू नका, या गाडीची मजा तिथे नाही.

निघाल्यावर आधी तेल तापू द्या. डॅशबोर्डवर इंजिन ऑइलचं तापमान दिसतं; आकडा ऐंशीच्या पुढे जाईपर्यंत पाय हलका ठेवा. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा; त्याची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि ती तरंगते तेलाच्या पातळ थरावर. थंड, जाड तेलात तिला पिळून काढणं म्हणजे पुढच्या दुरुस्तीची आत्ताच सोय करणं. कोस्टल रोड या कामाला छान आहे: सरळ भागात मर्यादा ८०, बोगद्यात ६०, वळणांवर ४०. बोगद्यात काचा खाली करून इंजिन ऐकायचा मोह होतो. ऐका, पण रेस देऊ नका. रात्रीच्या असल्या आवाजांनी ब्रीच कँडीचे रहिवासी आधीच हैराण आहेत.

मरीन ड्राइव्ह ते ऑरेंज गेट, म्हणजे फ्रीवे सुरू होतो तिथपर्यंतचा टप्पा जपून काढा. २२५/४० आर१८ टायरची भिंत बुटकी असते, एका खोल खड्ड्यात तिला फुगा येतो. उंच स्पीडब्रेकर तिरपा घ्या.

अटल सेतू २१.८ किलोमीटर, मर्यादा १००. पहाटेची खाडी सुंदर दिसते, पण थांबायला मनाई आहे. समुद्रावरून आडवा वारा येतो तेव्हा स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा. गाडीच्या दृष्टीने मात्र हा सगळ्यात सपक भाग. सातव्या गिअरमध्ये इंजिन जेमतेम जागं असतं. चिर्ल्याला उतरलं की जेएनपीटी बंदराचे कंटेनर ट्रेलर सुरू होतात. त्यांच्या आरशात तुम्ही दिसत नाही असं धरूनच चाला.

खोपोलीत चहा घेतला आणि खंडाळ्याला चढणाऱ्या शिंग्रोबाच्या घाटाला लागलो. इथे गाडी बदलली. म्हणजे गाडी तीच, पण डी (रोजचा मोड) मधून एस (स्पोर्ट) मध्ये टाकली आणि स्टिअरिंगमागची गिअर बदलायची पॅडल हातात घेतली. डी मध्ये डीएसजीला वरचा गिअर टाकायची फार घाई. वळणातून बाहेर पडताना इंजिन १३००-१४०० आरपीएमवर सापडतं, पाय दाबला तरी क्षणभर काहीच होत नाही आणि मग सगळा टॉर्क एकदम अंगावर येतो. लोक याला टर्बो लॅग म्हणतात, पण निम्मा दोष गिअरचा असतो. पूर्ण टॉर्क १६०० पासून ४३०० पर्यंत मिळतो, तेव्हा इंजिन त्याच पट्ट्यात राहायला हवं. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, चाळीस ते साठच्या वेगात, ही गाडी ज्या सहजतेने चढ उचलते ते पाहून मी बोलायचाच थांबलो.

इतका टॉर्क पुढच्या चाकांवर आला की एरवी आतलं चाक फिरतं आणि नाक बाहेर पळतं. या गाडीत पुढे इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल आहे, ते ताकद बाहेरच्या चाकाकडे वळवतं. वळणाच्या मध्यानंतर अ‍ॅक्सिलरेटर हळू वाढवा, नाक आत ओढलेलं हाताला स्पष्ट कळतं. "आता दे," असं भाऊ एका वळणावर म्हणाला, आणि त्या एका क्षणात मला त्याचे ३६ लाख पटले. एकदम पाय दाबाल तर मात्र स्टिअरिंग हातात ओढ घेतं. रस्ता ओला असेल तर हा प्रकार करूच नका, पावसाळ्यात इथे धुकंही दाट असतं.

पेट्रोल किमान ९५ ऑक्टेनचं भरा, तेही मुंबईतून निघतानाच. ऑक्टेन कमी पडलं की पेट्रोल अवेळी पेटतं, नॉक सेन्सर ते ओळखतो, इंजिनचा कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडतो आणि चढावर गाडी मंदावते. दुपारच्या उन्हातही तेच होतं: टर्बोने दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरला थंड हवा मिळत नाही, आत जाणारी हवा गरम आणि विरळ होते. म्हणून सकाळी आठच्या आत घाट चढून मोकळे व्हा. शिवाय नंतर लोणावळ्याची गर्दी असतेच.

उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. पॅडलने दुसरा-तिसरा गिअर धरा, इंजिन गाडी आवरतं. खाली खोपोलीत आल्यावर दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा, म्हणजे ब्रेक निवतील. टायरची हवा मात्र तिथे तपासू नका, गरम टायर जास्त दाखवतो. ते काम दुसऱ्या दिवशी सकाळी घराजवळच्या पंपावर करा आणि हात फिरवून टायरच्या आतल्या बाजूलाही फुगा नाही ना, ते बघा.