जिप्सीचा दुसरा दांडा

माझ्याकडं १९९५ ची मारुती जिप्सी आहे. ९७० सीसीचं पेट्रोल इंजिन, कार्बुरेटर, चारी चाकांना पाटे. ती घेतली ती शेतासाठी. आमचं शेत भोगावतीच्या काठाला, राधानगरी रोड सोडून दीड किलोमीटर आत. पाणंद सगळी काळ्या मातीची. साखर हंगामात ऊस भरलेल्या ट्रॉल्यांनी तिच्यात गुडघाभर चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि जुलैत त्या पाण्यानं भरतात. फोर व्हील ड्राईव्ह असलेली गाडी आहे, म्हटल्यावर पाणंदीची काळजी मिटली, असं मी धरून चाललो होतो.

पहिल्याच पावसाळ्यात गाडी रुतली. रुतल्यावर मी गिअरच्या शेजारचा दुसरा दांडा फोर एचला, म्हणजे चारी चाकांना ताकद देणाऱ्या खुणेवर, टाकला आणि रेस केली. मागची चाकं जागच्या जागी फिरत खड्डा खणत गेली, पुढची दोन्ही ढिम्म. चुलत्यांनी ट्रॅक्टर आणला, साखळी लावली, तेव्हा बाहेर निघालो. पुढच्या खेपेला हब, म्हणजे पुढची चाकं एक्सलला जोडणाऱ्या चकत्या, आठवणीनं फिरवले आणि पाणंद पार झाली, पण डांबरावर आल्यावर दांडा परत घ्यायचा राहून गेला. कोल्हापूरपर्यंत तसाच आलो. स्टेअरिंग जड लागत होतं. गल्लीच्या वळणावर गाडी कुणीतरी मागनं धरून ठेवल्यासारखी अडायला लागली, टायर किरकिरले. घरापुढं थांबून दांडा ओढला तर हलेना. दोन्ही हातांनी ओढला तरी हलेना.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात गेलो. तिथले एक मिस्त्री जुन्या जीपगाड्यांचंच काम करतात. वय सत्तरीकडं झुकलेलं, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी दांड्याला हातच लावला नाही. मला म्हणाले, “सरळ रिव्हर्स घ्या, धा-पंधरा फूट.” घेतली. “आता वढा.” दांडा लोण्यातनं आल्यासारखा टू एचला, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर, आला.

मग त्यांनी मला जे दाखवलं ते मी कधी विसरणार नाही. गॅरेजच्या कोब्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि चारी चाकं भिजतील अशी गाडी त्यातनं पुढं घेऊन पूर्ण वळवायला लावली. कोरड्या कोब्यावर चार ओल्या रेघा उमटल्या. एकीवर दुसरी कुठंच बसत नव्हती. पुढच्या चाकांच्या रेघा बाहेरून मोठा वळसा घेऊन गेलेल्या, मागच्यांच्या आतून, आखूड. मामांनी सुतळी धरून दोन रेघा मोजल्या आणि दोन्ही तुकडे माझ्या हातात दिले. एक तुकडा दुसऱ्यापेक्षा चांगला वीतभर लांब होता.

“हे बघा मालक, पुढच्या चाकास्नी जास्त चालायचं असतंय. टू एचमध्ये ती मोकळी, चालत्यात आपली. फोरमध्ये ह्या गाडीला पुढचा न् मागचा प्रोपेलर, चाकाकडं ताकद नेणारा लांब शाफ्ट, एकाला एक बांधलेला. मधी सूट द्यायला काय न्हाई. चिखलात चाक जरा घसरून फरक काढून टाकतंय. डांबरावर घसरायचं कुठं? मग तो पीळ आत गिअरात साठतोय.”

दांडा अडकला होता तो ह्या पिळानं. रिव्हर्स घेतल्यावर पीळ सुटला. एका बाजूची चाकं रस्त्याकडेच्या मातीवर घेऊन थोडं चाललं तरी सुटतो. जोर करून ओढला असता तर आतला, गिअर सरकवणारा फोर्क वाकला असता. आणि पीळ तसाच ठेवून डांबरावर फिरत राहिलं तर प्रोपेलरचे क्रॉस, म्हणजे सांधे, आणि ट्रान्सफर केसचे, म्हणजे पुढं-मागं ताकद वाटणाऱ्या पेटीचे, गिअर बळी जातात. काही नव्या महागड्या गाड्यांत पुढच्या-मागच्या एक्सलच्या मध्ये तिसरा डिफरन्शिअल, म्हणजे दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरपेटी, असतो, म्हणून त्या चारी चाकांवर डांबरावरही चालतात. जिप्सीचं फोर व्हील हे फक्त सुटणाऱ्या जमिनीसाठी आहे.

मग टायर. मागचे दोन मी नवे घातले होते, पुढचे झिजलेलेच ठेवले होते. मामांनी नक्षीची खोली मोजली, ६ मिलिमीटरचा फरक निघाला. मी घरी येऊन हिशेब केला. त्रिज्येत ६ मिलिमीटर म्हणजे एका फेऱ्यात सुमारे ३८ मिलिमीटर. चाकाचा घेर २ मीटर धरला तर किलोमीटरला ५०० फेरे, म्हणजे १९ मीटर. म्हणजे वळण नसतानासुद्धा सरळ रस्त्यावर माझी गाडी आतल्या आत पिळवटत होती. जुनी फोर व्हील घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी टायर बघायला सांगतो. चारी एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे पाहिजेत.

पहिल्या खेपेचं कोडं हबांनी सोडवलं. दोन्ही पुढच्या चाकांच्या मधोमध फिरवायची चकती असते, फ्री आणि लॉक अशा दोन खुणा. त्या दिवशी दोन्ही फ्री होते, म्हणून दांडा टाकूनही चाकांपर्यंत ताकद पोचलीच नाही. शिवाय आता उजव्या हबची चकती आत चिखल वाळून अर्ध्यातच अडायला लागली होती. एकच हब लॉक झाला तरी उपयोग शून्य, कारण डिफरन्शिअल सगळा फिरवा मोकळ्या बाजूला देऊन टाकतो. मामांनी दोन्ही हब खोलून डिझेलनं धुतले, थोडंच ग्रीस लावून बसवले.

पुढच्या एक्सलचं ऑइल काढलं तर ते दुधाच्या चहासारखं निघालं. पाणी शिरलं होतं. चालून तापलेला एक्सल एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सील किंवा ब्रीदर, म्हणजे एक्सलची हवा ये-जा करायची वाट, खराब असेल तर पाणी आत ओढलं जातं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की आमच्या पाणंदीवर भोगावतीचं पाणी येतं, त्यातनं मी दोनदा गेलो होतो. ब्रीदरची नळी बदलली, एक्सल आणि ट्रान्सफर केसमध्ये नव्वद नंबरचं नवं ऑइल भरलं. ऑइल बदलताना वरचा, भरायचा नट आधी सैल होतो का ते बघायचं, मगच खालचा उघडायचा, हे मामांनी तीनदा बजावलं. खालनं ऑइल सांडून गेलं आणि वरचा नट गंजलेला निघाला, तर गाडी तिथंच बसते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य त्यांनी बिल करताना सांगितलं. “अडकल्यावर टाकायचं न्हाई. अडकायच्या आदी टाकायचं.”

आता पाणंदीच्या तोंडाला डांबरावरच थांबतो, उतरतो, दोन्ही हब हातानं लॉक करतो, पार आवाज होईपर्यंत. मग फोर एच. हब लॉक असतील तर सरळ, हळू चालता चालताही फोर एच पडतो, पण तीस वर्षांच्या गाडीला मी तेवढाही त्रास देत नाही. मधल्या ओढ्याच्या उतारावर पूर्ण थांबून, क्लच दाबून फोर एल, म्हणजे चारी चाकांना कमी वेग आणि जास्त ताकद, पहिला गिअर. उतरताना क्लचला पाय लावायचा नाही, गाडी इंजिनच धरतं. ब्रेकच्या बाबतीत फोर व्हीलनं काही मिळत नाही, हेही तिथंच कळतं. ओल्या मातीवर ब्रेक दाबला की चारी चाकं घसरतात.

ह्या जुलैत चुलते ओढ्याच्या पलीकडं साखळी घेऊन उभे होते. गाडी त्यांच्या पुढनं गेली, दुसऱ्याच गिअरात, न थांबता. परत येताना डांबरावर चढण्याआधी मातीतच दांडा टू एचला घेतला, हब फ्री केले आणि बोटांवरचा चिखल पुसून गाडी कोल्हापूरकडं वळवली. डाव्या हबच्या कडेला तेलाचा बारीक ओघळ दिसला. ते सील दिवाळीआधी बदलायचं आहे.