तेल उतरलं, मग शेव का नाही उतरली?

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या माझ्या फरसाणाच्या दुकानात २०२२ पासून हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच: "ताई, युद्ध तिकडं, मग शेव हितं का महागली? आणि तेल उतरलं तरी तुमचा दर का उतरंना?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर ठरलेलं असतं, की ही बाई लुटते. आता एकदाच सगळं सांगते.

आपल्या देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, तेही डॉलर मोजून. सूर्यफुलाचं बरंचसं युक्रेनमधून यायचं. २४ फेब्रुवारी २०२२ ला युद्ध सुरू झालं, तिथली बंदरं बंद पडली आणि सूर्यफूलवाले सोयाबीन-पामतेलाकडं वळले. २८ एप्रिलला इंडोनेशियानं पामतेलाची निर्यातच थांबवली. मी सूर्यफुलाचा थेंबही वापरत नाही, सोयाबीन तेलात तळते. पण सगळे त्याच तेलावर तुटून पडल्यावर भाव चढणारच. इथवर माझा दोष नाही.

पुढचं सांगायला जड जातं.

फेब्रुवारीत शिरोलीच्या फौंड्रीत काम करणाऱ्या एका मामांनी नातवाच्या बारशासाठी तीस किलो शेव सांगितली होती. दर ठरला, विसार घेतला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते माल न्यायला आले, तोवर तेलाचा डबा बावीसशेवरून सव्वासत्तावीसशेवर गेला होता. मी किलोमागं वीस रुपये वाढवून मागितले. सहाशे रुपये. ते म्हणाले, "ताई, शब्द झाला होता की." मी युद्ध, बंदरं, डॉलर सगळं ऐकवलं. त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ह्या शेवेचं तेल कवा आणलंय?"

मी म्हटलं, "कालच."

ते खोटं होतं. आत जुन्या भावाचे तीन डबे होते आणि त्यांची शेव त्यातल्याच एकात तळली होती. त्यांनी नोटा मोजून ठेवल्या, पिशव्या सायकलला अडकवल्या. त्यानंतर ते कधी आले नाहीत.

खोटं बोलले त्याचं समर्थन नाही. पण दर वाढवला त्याचं? तीन डब्यांचा माल जुन्या दरानं विकला असता, तर डब्यांच्या त्या पैशात पुढचे अडीच डबेसुद्धा आले नसते. दुकान पुढच्या डब्यावर चालतं, मागच्यावर नाही. हे मी तेव्हा स्वतःला बजावलं आणि आजही ते बरोबरच वाटतं.

मग २३ मे ला इंडोनेशियानं बंदी उठवली, जून-जुलैत भाव कोसळले. तेव्हा माझ्याकडं महागातले सात डबे होते. गिऱ्हाइकांना मी काय सांगितलं? "आधी महागाचा माल संपू दे." म्हणजे चढताना नवा भाव आणि उतरताना जुना. दोन्हीकडून मीच बरोबर कशी?

याला उत्तर नाही असंही नाही. जुलैत डॉलर ऐंशी रुपयांवर गेला, त्यामुळं बाहेर उतरलेलं तेल इथं तेवढं उतरलं नाही. व्यावसायिक सिलिंडर मे महिन्यातच दोन हजारांच्या पलीकडं गेला होता. महागाई आवरायला रिझर्व्ह बँकेनं ४ मे ला रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, ४ वरून ४.४ टक्के केला, तो पुढंही वाढत गेला आणि माझ्या मशीनच्या कर्जाचा हप्ता चढला. पोरांची मजुरी एकदा वाढवल्यावर कमी कशी करू? यातलं एकही कारण खोटं नाही. तरी ती सांगताना मला ते मामाच समोर दिसतात.

त्यात माझा भाऊ कागलकडं सोयाबीन करतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं तेलाचं आयात शुल्क वाढवलं, तेव्हा आता तरी दर मिळेल म्हणून तो खूश होता आणि मी डब्याचा भाव विचारत फिरत होते. त्याला काय म्हणणार? त्याचं सोयाबीन स्वस्तात जावं, अशी इच्छा मी कुठल्या तोंडानं करू?

आज दुकानात पाच डबे आहेत. उद्या भाव चढला, तर दर त्याच दिवशी बदलायचा की हे पाच संपल्यावर, हे माझं अजून ठरलेलं नाही.