केडगावहून परतताना

आज दौंडच्या गाडीने केडगावला जाऊन मुक्ती मिशन पाहिले. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या उपाशी मुलींना पंडिता रमाबाईंनी जिथे आसरा दिला, तिथे बसून डबा उघडला खरा. पण घास घशाखाली उतरेना. रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेलेले, पती लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पटकीने गेलेले, पुढे कानांनी साथ सोडलेली आणि १९२१मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. तरी हिब्रू-ग्रीकवरून चाललेले बायबलचे मराठी भाषांतर या बाईंनी खाली ठेवले नाही, ते पुरे करूनच ५ एप्रिल १९२२ला डोळे मिटले. मी मात्र शब्बाथ शाळेला, म्हणजे आमच्या चर्चमधल्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला, चारच मुले येतात म्हणून गेल्या महिन्यात राजीनामा देऊन बसले होते! परतीच्या गाडीतून पाळकसाहेबांना फोन केला. "हजेरीची वही कपाटातच आहे," एवढेच ते म्हणाले.