फियाटमधला पंखा

जुनी गाडी बाळगणाऱ्याला अनोळखी माणसं दोनच प्रश्न विचारतात. ॲव्हरेज काय देते, आणि विकायची आहे का. पहिल्याचं खरं उत्तर कुणालाच नको असतं. दुसऱ्याची गंमत अशी की विचारणाऱ्याला गाडी घ्यायची मुळीच नसते. "नाही हो" म्हटल्यावर तो नाराज व्हायच्या ऐवजी खूश होतो, बॉनेटवर हात ठेवतो आणि सुरू करतो, "आमच्याकडे पण होती..." मग सिग्नल सुटो, मागचा रिक्षावाला हॉर्न मारून थको.

माझी गाडी १९७३ची प्रीमियर प्रेसिडेंट. हे नाव सांगितलं की समोरचा गोंधळतो, म्हणून मीही फियाटच म्हणतो. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या परवान्यावर ११०० नावाचं मॉडेल बनवत असे. आधीची गुबगुबीत, पुढची दारं उलटी उघडणारी ती डुक्कर फियाट. मग १९६४ची, जरा कोपरे काढलेली डिलाइट. करार संपला, फियाटचं नाव गेलं, तेव्हा थोड्याच काळापुरतं प्रेसिडेंट हे नाव आलं आणि १९७४ पासून पद्मिनी. एकाच बाईने सासर न बदलता तीनदा नाव बदलावं तसा प्रकार. तिकडे इटलीत फियाटने १९६९ मध्ये ११०० बंद करून १२८ आणली. इकडे आपण तोच १०८९ सीसीचा, चार सिलिंडरचा संसार पुढे आणखी तीसेक वर्षं चालवला. आणि तोही काही मागाल तेव्हा मिळत नव्हता. नंबर लावायचा, पैसे भरायचे आणि वाट बघायची. नंबर लागेपर्यंत पोरगं शाळेतून कॉलेजात जायचं.

या छंदाविषयी बाहेरच्यांचा एक समज असतो, की हे लोक गाडीत सारखं काहीतरी नवीन बसवत असतात. घडतं नेमकं उलट. आमची सुधारणा मागे मागे जाते. गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात पुढे दोन बकेट सीट होत्या. गिअर स्टिअरिंगवरून काढून खाली जमिनीवर आणलेला होता. डॅशबोर्डवर लाकडी नक्षीचा सनमायका चिकटवला होता. मागच्या काचेखालच्या फळीला स्पीकरसाठी दोन गोल भोकं कापलेली. काचांना काळी फिल्म. आणि डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात, जाळीत बसवलेला, बारा व्होल्टवर चालणारा छोटा पंखा.

ही सगळी आधीच्या मालकाने हौसेने, एकेक पगार बघून केलेली कामं. आणि माझा पैसा गेला तो ही हौस पुसण्यात. बकेट सीट गेल्या, सलग बाकासारखी सीट आली, तिच्यावर रेक्झिन चढलं. सनमायका खरवडून काढला, तर त्याबरोबर खालचा रंगही आला. गिअर पुन्हा स्टिअरिंगवर. हॅण्ड गिअरच्या रॉडांचे बुश झिजलेले असले की दुसरा टाकायला जावं आणि चौथा पडावा, म्हणून तेही नवे करून घेतले. आमचे मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, खालून वंगणाचे हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "साहेब, पूर्वी मीच लोकांना फ्लोअर गिअर बसवून द्यायचो. तेव्हा बसवायचे पैसे घेतले, आता काढायचे घेतो. आपलं काही म्हणणं नाही."

सामान शोधणं हा या छंदातला माझा सर्वांत आवडता भाग. त्याला छंदातला छंद म्हणायला हरकत नाही. पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानदाराला "फियाटचा डिस्ट्रिब्यूटर कॅप" म्हटलं की तो आधी तुमच्याकडे बघतो, मग वरच्या माळ्याकडे. रविवारी जुना बाजार. तिथे दाराच्या कड्यापासून घड्याळाच्या काट्यापर्यंत काहीही एका चादरीवर पडलेलं असतं, आणि विकणाऱ्याला ते कशाचं आहे हे ठाऊक नसल्यामुळे किंमत तुमच्या चेहऱ्यावरून ठरते. चेहरा कोरा ठेवणं हे पत्रा ठोकण्याइतकंच कसबाचं काम आहे. काहीच नाही मिळालं तर मुंबई गाठायची, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगार बाजारात. गाडी जिथे जन्मली त्याच उपनगरात तिची हाडं मिळतात, हा योगायोग मला दर खेपेला जरा हलवतो.

खरं सांगायचं तर आमच्यासारख्या मध्यमवर्गी हौशी मंडळींचा हा छंद मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी जगवला. काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावर होत्या तोवर ब्रेकचे वॉशर, कार्बोरेटरचे किट, पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंग पिन, सगळं स्वस्त होतं, कारण ते रोज हजारोंना लागत होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता तिचाही काळ संपला. वर्तमानपत्रांत हळवे लेख आले, लोकांनी फोटो काढून घेतले. मी त्या आठवड्यात हळवा नव्हतो. मी किंग पिनचे दोन संच घेऊन ठेवले.

आता त्या 'मूळ' अवस्थेविषयी. सगळी धडपड गाडी कुर्ल्याच्या फाटकातून बाहेर पडली त्या दिवशी जशी होती तशी करण्याची. पण त्या दिवशी ती कशी होती? त्या काळात गाडी घेतलेल्या कुणालाही विचारा. दारं नीट लागत नसत, पावसात कुठून तरी पाणी यायचं, आणि शोरूममधून निघालेली नवी कोरी गाडी आधी पेढे ठेवून देवापुढे आणि मग थेट ओळखीच्या मिस्त्रीकडे जायची. स्पर्धा नव्हती, गिऱ्हाईक रांगेत उभं होतं, मग कारखान्याला घाई कसली? गाडी खऱ्या अर्थाने तयार व्हायची ती मालकाच्या हाती आल्यावर. सीटवर टर्किश टॉवेल, मागच्या फळीवर भरतकामाची उशी, आरशाला लिंबू-मिरची, टपावर कॅरिअर. म्हणजे आम्ही जी अवस्था एवढा खर्च करून परत आणतो, ती कुणाच्याच आठवणीत नाही. एवढं समजूनही बोल्ट पुन्हा जुन्याच नमुन्याचे शोधले जातात, हा स्वभाव झाला.

अर्थात कारखान्याने दिलेल्या काही गोष्टी अजूनही इमानाने त्रास देतात. टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरकडे ढकलणारा पंप इंजिनलाच बसवलेला, यांत्रिक. उन्हाळ्यात खंबाटकी घाटात गाडी ट्रकमागे रांगत चढायला लागली की इंजिनची धग पंपाला लागते, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ढकलत बसतो. कार्बोरेटरला थेंब पोचत नाही. गाडी दोन आचके देऊन थांबते. उपाय सगळ्या फियाटवाल्यांना ठाऊक आहे: फडकं ओलं करून पंपावर टाकायचं, बॉनेट उघडं ठेवायचं, चहा प्यायचा. आजूबाजूने जाणारे नव्या गाड्यांतले लोक कीव करत बघतात. तुम्ही घाटात थांबून शेवटचा चहा कधी प्यालात, हे त्यांना विचारावंसं वाटतं, पण तोवर ते पुढे गेलेले असतात.

आता तर बाजारात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं, आणि जुन्या रबराचं आणि त्याचं पटत नाही. पंपातला डायफ्रॅम, होज पाइप, कार्बोरेटरमधली सीलं, सगळं इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं करून घ्यावं लागलं. गाडीही महिनोन् महिने उभी ठेवून चालत नाही. म्हणजे बाहेरून १९७३, आतून मात्र जिथे दिसत नाही तिथे आजचं. माझ्या मते हे योग्यच आहे. मूळपणाच्या नादात पन्नास वर्षांपूर्वीच्या रबरातून पेट्रोल वाहू देणं हा मूर्खपणा होय.

कायद्यालाही मूळपणाची आवड लागली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांची व्याख्या आली. पन्नास वर्षांहून जुनी, आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी विंटेज. नवी नोंदणी असेल तर २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो, ही त्यातली खरी गोड बाब. माझी गाडी वयाच्या अटीत बसते. पण पुढे मेख आहे. विंटेज म्हणून नोंदली की तिला रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायचं नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. म्हणजे मान मिळेल, पण मंडईत जाता येणार नाही. मी अजून साध्या नोंदणीवर आहे. दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, पर्यावरण कर आणि आरटीओतल्या रांगा हे सगळं सोसतो, कारण शनिवारी सकाळी भाजी आणायला फियाट काढण्याचं सुख विंटेजच्या व्याख्येत बसत नाही.

राहता राहिलं प्रदर्शन. मोठ्या प्रदर्शनांत संस्थानिकांच्या गाड्यांचा थाट वेगळा. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला 'बीएमके १' ही पाटी मिरवत छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा गर्दी आपसूक वाट करून देते. ती गाडी लोक बघतात. फियाटला मात्र लोक भेटायला येतात. रोल्स-रॉइसच्या दोरीपाशी माणसं हात मागे बांधून उभी असतात, आणि फियाटचं दार विचारल्याशिवाय उघडतात. सुरुवातीला मला राग यायचा.

गेल्या हिवाळ्यातल्या एका प्रदर्शनात परीक्षक आले. गळ्यात ओळखपत्र, हातात टॉर्च. त्यांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि रेडिएटरच्या होजला लावलेली क्लिप आजच्या पद्धतीची आहे हे टिपलं. बॅटरी नव्या प्रकारची. रंगाबद्दल म्हणाले, "जरा जास्तच चांगला झालाय." कुर्ल्याहून निघताना एवढी चमक नसायची, म्हणून त्याचेही गुण कापले. मला ते पटलं. मग आत बघून, "हा पंखा?" मी म्हटलं, जुन्या मालकाचा. ते म्हणाले, काढून टाका, स्क्रूची भोकं बुजवली की झालं. सगळी हौस पुसताना पंखा का राहिला होता याचं माझ्याकडेही नीट उत्तर नव्हतं. चाचांनी तो काढायला दोनदा स्क्रूड्रायव्हर मागितला आणि दोन्ही वेळा मीच दुसरं काम सांगितलं.

ते गेल्यावर एक आजी आल्या. बरोबर नात, तिच्या हातात मोबाइल. आजींनी गाडीकडे बाहेरून फारसं पाहिलंच नाही. दार उघडलं, सीटवर हात फिरवला आणि सरळ मधे सरकून बसल्या. "इथे मी," त्या नातीला म्हणाल्या, "तिकडे तुझे पणजोबा, आणि खिडकीत तुझा मामाआजोबा, नेहमी रडून खिडकी मिळवायचा." गिअर स्टिअरिंगवर असला की पुढे तिघं बसतात, हे नातीला पटवून द्यायला त्यांना वेळ लागला. "बेल्ट कुठेय?" असं तिने विचारलं. मग आजींची नजर कोपऱ्याकडे गेली. "अगंबाई, पंखा! हा चालतो?"

चालतो, पण इंजिन चालू नसताना लावला की बॅटरी खातो, आणि इंजिन चालू असलं तरी आयडलला डायनॅमो चार्ज देत नाही. सिग्नलला पंखा आणि हेडलाइट दोन्ही लावले तर हेडलाइट पिवळे पडतात. हे सगळं मी त्यांना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "माहितीये हो, बाबा सिग्नल आला की आधी पंखा बंद करायचे." लावून दाखवला. घरघरत फिरला. डिसेंबरची सकाळ होती, वाऱ्याची कुणालाच गरज नव्हती. आजी दोन मिनिटं तोंड पुढे करून बसल्या.

नंतर मी जरा वाचन केलं. जुन्या वाहनांचा जो आंतरराष्ट्रीय महासंघ आहे, फिवा, त्याची एक सनद आहे. तिचं नाव तुरीन सनद. वाहन कोरं करकरीत करण्यापेक्षा त्याच्या आयुष्यात त्याच्यावर उमटलेल्या खुणा जपाव्यात, असा तिचा एकूण सूर. आणि तुरीन म्हणजे फियाटचंच गाव; फियाट या नावातला शेवटचा 'टी' त्या गावाचाच. पंख्याच्या बाजूने मला एवढा थेट माहेरचा आधार मिळेल असं वाटलं नव्हतं. सनमायका आणि बकेट सीटही मग त्याच न्यायाने राहायला हव्या होत्या, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. सनमायका वाईट दिसत होता.

पुढच्या प्रदर्शनाच्या अर्जात 'नंतर जोडलेले भाग' असा एक रकाना आहे. त्यात पंखा लिहिला आहे. त्याची वायर उन्हाने कडक झाली होती, तीही चाचांकडून बदलून घेतली, आणि मधे एक फ्यूज टाकला.