क्रिएटिनीनचे मार्क

शाळेत एकमेकांचे मार्क विचारायची जी खोड लागली ती साठी उलटली तरी काही गेली नाही, फक्त विषय बदललाय. ठाण्यात पाचपाखाडीत कचराळी तलावाच्या बाकावर आम्ही म्हातारे आता क्रिएटिनीन विचारतो, म्हणजे रक्तातला किडनीचा आकडा, जितका कमी तितकी ऐट जास्त. "तुझं किती रे?" "पॉइंट एट." की तो पॉइंट एटवाला असा बसतो की जसा काय बोर्डात आलाय. (तलावाला एक राउंड मारतो आणि बाकावर पाऊण तास बसतो, पण घरी सांगताना सगळं मिळून 'वॉक'.)

तर मागच्या महिन्यात माझं आलं १.४. शेजारी वर जाणारा बाण, खाली ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, ५५. वय ६७. ईजीएफआर साठच्या खाली सलग तीन महिने राहिलं तर किडनीचा आजार धरतात हे गुगलने सांगितलं, त्यातलं 'सलग तीन महिने' मी वाचलंच नाही. बायकोने संध्याकाळपर्यंत डाळ, टोमॅटो, पालक सगळं बंद केलं, नुसता दुधी. दुधी!

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, टेस्टच्या आदल्या दिवशी काय केलं होतं? आता आदल्या दिवशी रविवार, नातवाला दाखवायचं होतं की आजोबा अजून दमदार आहेत, म्हणून उपवनपासून येऊर चढून गेलो, मध्ये पाणीसुद्धा नीट प्यायलो नाही, आणि घरी येऊन मटण, दोन वेळा वाढून घेतलं. ते हसायलाच लागले. क्रिएटिनीन म्हणजे स्नायूंच्या कामातून निघणारा कचरा, अंगमेहनत जास्त झाली किंवा शिजवलेलं मांस खाल्लं की तो तात्पुरता वाढतो. दहा दिवसांनी परत केली, १.१, ईजीएफआर ७३. दुधी सुटला.

पण खरी गंमत पुढे. मी विचारलं, मग आमच्या मित्राचं पॉइंट एट कसं काय, तो तर सोफ्यावरून उठत नाही? डॉक्टर म्हणाले, म्हणूनच असेल. अंगावर मांसच उरलं नाही तर कचरा होणार कशाचा? मला पटलं. घरात दोनच माणसं राहिली की कचऱ्याचा डबा रिकामाच दिसतो, त्यावरून घंटागाडी रोज येते असं थोडंच म्हणता येतं. म्हणून लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन, जातंय का हेही बघायला लागतं.

आणि मग त्यांनी सहज विचारलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत. बीपीची, आणि गुडघ्यासाठी पेनकिलर, चालायला जायच्या आधी घेतो, आठवड्यातून चार-पाच. इथे मात्र ते हसले नाहीत. या पेनकिलरनी किडनीकडे जाणारं रक्तच कमी होतं, त्यात वय, त्यात बीपीची गोळी. म्हणजे मी दोन वर्षं काय करत होतो बघा, किडनीसाठी चालायचं, चालण्यासाठी गोळी, आणि गोळीचा मार किडनीवर. ती बिचारी मूठभर आकाराची दोघं दिवसाला जवळपास १८० लिटर गाळून त्यातून दीडेक लिटर बाहेर टाकतात, आणि मी त्यांच्याच तब्येतीसाठी त्यांना छळत होतो.

चालणं सोडू नका, पेनकिलर सोडा, असं ठरलं. अमेरिकेत सत्तरीपासून नव्वदीपर्यंतच्या, बसून असणाऱ्या हजारावर माणसांचे दोन गट केले होते म्हणे, एकाला दोन वर्षं चालायला आणि थोडा ताकदीचा व्यायाम करायला लावलं, दुसऱ्याला आरोग्यावरची लेक्चरं, तर चालणाऱ्यांच्या किडनीची घसरण जरा हळू झाली, २०२२ साली छापून आलं. फरक छोटाच. पण लेक्चर ऐकून तेवढाही पडला नाही हे मला आवडलं, कारण आमच्या बाकावर लेक्चरंच जास्त होतात.

आता मी पेनकिलर न घेता हळू चालतो, महापालिकेच्या बाजूला गुडघा कुरकुरला की थांबतो. पॉइंट एटवाल्याला घंटागाडीचं सांगितलं तेव्हा तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बूट घालून आला, चक्क नवे. अर्धा राउंड मारला, धापा टाकत बाकावर बसला, घाम पुसला आणि म्हणाला, "ते सोड, तुझी तीन महिन्यांची शुगर किती आली?"