तुम्ही विचारलंत म्हणून: नाव का नाही बदललं?

लसीकरणाच्या दिवशी कार्डावरचं नाव कुणीतरी वाचतं आणि विचारतं, "सिस्टर, हे खरंच तुमचं नाव? मग बदललं का नाही?" नवे डॉक्टर विचारतात, बाळंतिणीच्या माहेरच्या बायका विचारतात. पुढे रांग असते, म्हणून मी "राहिलं" एवढंच म्हणते. आज नीट सांगते.

माझं नाव नकुसा. पाटण तालुक्यातल्या आमच्या घरात मी चौथी मुलगी. मुलींवर मुली झाल्या की शेवटचीचं नाव नकुसा किंवा नकोशी ठेवायचं, म्हणजे देवाला कळतं की आता पुरे, अशी समजूत. माझ्यानंतर दीड वर्षानं भाऊ झाला. आजीनं सगळ्या आळीत सांगितलं, "नकुसानं पाठीवर भाऊ आणला." त्यानंतर माझे लाड झाले, खोटं कशाला बोलू? पण ते लाड भावामुळं होते, हे मला लहानपणीही कळायचं.

पोरांनाही दगडू, धोंडू, केरबा म्हणायचेच की, असं मला पुष्कळ जण समजावतात. म्हणायचे ना. ज्या घरात एकामागून एक मुलं दगावली, तिथं दगडू जन्मायचा. यमाला वाटावं हा नुसता धोंडा आहे आणि त्यानं पुढच्या दाराला जावं. पोर राहावं म्हणून ते वाईट नाव होतं. माझं नाव माझ्यासारखी पुन्हा कुणी येऊ नये म्हणून होतं. दोन्ही एका मापानं मोजू नका.

आईनं मला कधीच नावानं हाक मारली नाही. "बाय" म्हणायची. आजीपुढं तिला एवढंच करता येत होतं.

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'सुवर्णा' लिहिलं गेलं. मला कुणी विचारलं नाही. पहिलं नाव ठेवतानाही विचारलं नव्हतं, पण तेव्हा मी बारा दिवसांची होते. सुवर्णा म्हणून हाक आली की माझी मान वळायचीच नाही. सासूबाई चिडायच्या, "चारचौघांत ते नाव घ्यायला लाज वाटते." मी विचार करत राहायची, लाज यांना वाटते तर सोडायचं मी का? वर्षभरात त्याच थकल्या आणि नकुसा म्हणू लागल्या.

ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली. त्याआधी आमच्या भागातल्या मुली शोधायला मीही घरोघर फिरले होते. आठवीतली एक पोरगी म्हणाली, "हजेरीत माझा नंबर जवळ आला की पोटात गोळा येतो." तिचं नाव मी स्वतः यादीत घातलं. कुणी नटीचं नाव घेतलं, कुणी देवीचं. त्या मुलींची उभी शाळा पुढं होती, त्यांनी नाव टाकलं ते योग्यच केलं. त्याच वेळी एका सहकाऱ्यानं मला विचारलं, "सिस्टर, तुमचंही घालू का?" मी नाही म्हणाले.

याच नावानं मी दहावी झाले, एएनएम, म्हणजे गावोगावची बाळंतपणं आणि लसीकरण बघणारी नर्स, झाले. डोंगरावरच्या वाडीतून रात्री दोन वाजता माणूस बॅटरी घेऊन येतो आणि दारात "नकुसा सिस्टर" अशी हाक मारतो, तेव्हा त्याला मीच हवी असते. हे त्या शब्दात मी भरलंय, वर्षानुवर्षं. ते टाकून नवं कोरं नाव कशाला घेऊ?

आणखी एक आहे. त्याच २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागं ९०० सुद्धा मुली भरल्या नाहीत. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशाचा कायदा १९९४ चा आहे. तरी काही घरांत मुलीला नकुसा म्हणण्याची वेळही येऊ दिली नाही, आधीच निकाल लावला. माझ्या आजीनं नको असलेली मुलगी निदान वाढवली तरी. हे लिहितानाही हात थरथरतो, कारण आजीची बाजू घ्यायची माझी मुळीच इच्छा नाही. पण नाव पुसून आपण सुधारलो असं गावानं समजावं, हे मला सोसत नाही. मी समोर असेपर्यंत त्यांना ते उच्चारावं लागतं.

गेल्या पावसाळ्यात एका सुनेला तिसरी मुलगी झाली. तीन किलो, रडणं खणखणीत. आजी भिंतीकडं तोंड करून बसलेली. मी बाळ पुसून तिच्या मांडीवर ठेवलं.

"काय नाव वो तुमचं, सिस्टर?"

"नकुसा."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "कितवी तुमी?"

"चौथी."

बराच वेळ काही बोलली नाही. नंतर लुगड्याचा पदर काढून बाळाच्या डोक्यावर घेतला, बाहेर पाऊस होता म्हणून असेल. नोंदीचा कागद मी पुढं केला, तर म्हणाली, "नावाचं आत्ता लिवू नगासा. पोरीच्या आईला इचारून सांगते."