मेळाव्यातलं कोरं गाणं

आमच्या कॉयरचा, म्हणजे गायकवृंदाचा, वार्षिक मेळावा २२ नोव्हेंबरच्या आसपासच्या शनिवारी भरायचा. तो सेंट सेसिलियाचा, म्हणजे संगीताच्या संताचा दिवस. अहवाल, सत्कार, जुन्या मंडळींची भाषणं हे सगळं व्हायचंच. त्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते कोरं गाणं. दरवर्षी उपासनेसाठी लिहिलेली एखादी अगदी नवी रचना सकाळी हातात पडायची आणि संध्याकाळी ती सगळ्यांसमोर गायची, असा आमचा रिवाज होता.

ही कल्पना आमचं कॉयर बसवणाऱ्या सरांनी इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजवरून उचलली होती. तिथल्या नाताळच्या उपासनेसाठी १९८३ पासून दरवर्षी एक नवं कॅरल मुद्दाम लिहवून घेतात. वॉल्टर हसी या धर्मगुरूचं नाव तर सर दर मेळाव्याला घ्यायचे. १९४३ मध्ये नॉर्थॅम्प्टनच्या आपल्या चर्चच्या पन्नाशीला त्यांनी बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराकडून गीत लिहवून घेतलं. पुढे चिचेस्टरच्या कॅथेड्रलला डीन, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, असताना लेनर्ड बर्नस्टाइन या अमेरिकन संगीतकाराकडे स्तोत्रं मागितली, ती १९६५ मध्ये हिब्रूत लिहून आली. "एका साध्या चर्चच्या पाळकाने पत्र टाकलं, म्हणून ते संगीत आज आहे," असं म्हणून सर आमच्याकडे बघायचे. जणू पुढचं पत्र आम्हीच टाकणार होतो.

एका वर्षी आलेलं गाणं सात मात्रांचं निघालं. बासवाले, म्हणजे खालच्या पट्टीतले पुरुष, तिसऱ्याच ओळीत घसरले, वरच्या पट्टीतले टेनर त्यांच्या मागोमाग. ऑर्गन एकटाच पुढे निघून गेला. आल्टोतल्या, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीतल्या, मावशी शांतपणे म्हणाल्या, "अहो, हा तर आपला रूपक ताल! तीन, दोन, दोन. हाताने मोजा." आणि मांडीवर बोटं आपटत आम्ही खरोखरच शेवटच्या आमेनपर्यंत पोचलो. गंमत म्हणजे बर्नस्टाइनच्या स्तोत्रांचा पहिला भागही सातातच आहे. ते आम्हाला नंतर कळलं.

जॉन टॅव्हनर या इंग्लिश संगीतकाराचं 'द लॅम्ब' आम्ही गायलो ते वर्ष वेगळंच. तेव्हा ते काही नवं राहिलं नव्हतं, पण आमच्यासाठी कोरंच होतं. १९८२ मध्ये त्याने ते आपल्या छोट्या भाच्याच्या तिसऱ्या वाढदिवसासाठी लिहिलं. सुरुवातीला सोप्रानो, म्हणजे वरच्या पट्टीतल्या बायका, एकट्याच एक छोटी सुरावट गातात. मग आल्टो तीच सुरावट आरशात पाहिल्यासारखी उलटी गातात: सोप्रानो वर चढतात तेव्हा आल्टो तेवढ्याच उतरतात. दोन्ही सुरावटी एकत्र आल्या की स्वर एकमेकांना घासतात. पहिल्या तालमीत आम्हाला वाटलं, छपाईची चूक असणार. दोघी तर हसू आवरेना म्हणून बाहेरच गेल्या. सर काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "हळू, अजून हळू." चौथ्या वेळी ते घासणं गोड लागायला लागलं. संध्याकाळी शेवटचा स्वर थांबल्यावर कुणालाच टाळ्या वाजवायचं सुचलं नाही.

तक्रारीही असायच्याच. "जुनी गीतं काय वाईट आहेत?" हे वाक्य चहाच्या वेळी दरवर्षी ऐकू यायचं, आणि म्हणणारे मावशींचे यजमान असायचे. नवी गीतं सगळीच टिकली असंही नाही. निम्मी तरी पुन्हा कधी निघाली नाहीत, आणि त्यातली काही न निघालेलीच बरी.

परवा कपाट आवरताना मावशींची ती सात मात्रांची प्रत सापडली. समासात पेन्सिलने ३-२-२ लिहिलंय, एका जागी "इथे श्वास नको" आणि त्याच्याखाली, बारीक अक्षरात, "घेतला."